शिडाच्या बोटीवर इंजिनचं तापमान : एका काट्यावर किती विसंबायचं?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी. माझी बोट साधारण बत्तीस फुटी, जिन्याच्या पायऱ्यांखाली तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) सर्किट बंदिस्त आहे आणि खारं पाणी हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे कूलंटची उष्णता घेत, जाऊन एक्झॉस्टमध्ये पडतं. पॅनेलवर तापमानाचा काटा नाही. एक लाल दिवा आणि एक बझर, एवढंच. किल्ली फिरवली की बझर वाजतो आणि इंजिन सुरू झालं की थांबतो, म्हणून आजवर सगळं ठीक आहे असं धरून चाललो होतो.

परवा शेजारच्या बोटीच्या इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवताना पाहिलं. वाकलेलं होतं. मालक सांगत होते, बझर शेवटपर्यंत वाजलाच नाही. बझर, दिवा, स्विच तिन्ही नंतर तपासली तर चांगली निघाली. तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही. काटा बसवायचा हे ठरवलं आहे. पण कोणता, आणि मुख्य म्हणजे सेंडर (काट्याला तापमान कळवणारा भाग) कुठे? जाणकारांनी सविस्तर लिहावं, लांबलं तरी चालेल.

---

खारेपाणी

महत्त्वाचा विषय काढलात. आधी बझर का वाजला नाही ते सांगतो, कारण उरलेलं सगळं त्यावरूनच कळतं.

तापमानाचा स्विच किंवा सेंडर हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) घरात बसवलेला असतो. त्याचं टोक कूलंटमध्ये बुडलेलं असेल तरच त्याला खरं तापमान कळतं. होज फुटला, क्लिप सुटली, टाकीचं झाकण गळलं आणि कूलंटची पातळी उतरली, की ते टोक उघडं पडतं. मग ते हवेचं नाहीतर वाफेचं तापमान मोजत बसतं, आणि हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. धातू भाजून निघतो आणि ज्यावर बझर वाजायचा ते ९५ अंश स्विचला दिसतच नाहीत. काटा असता तर तो उलट खाली आलेलाही दिसला असता. म्हणजे ज्या वेळी इशारा सर्वांत जास्त हवा, त्याच वेळी तो सेंडर आंधळा होतो. शेजाऱ्यांकडे नेमकं हेच झालं असेल असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण सगळे भाग चांगले असूनही बझर गप्प राहण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

आता दुसरी बाजू. शिडाच्या बोटीवर कूलंट जाण्यापेक्षा खारं पाणी थांबण्याचे प्रसंग कितीतरी जास्त. पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी येते, गाळणीत शेवाळ भरतं, इम्पेलरची (पंपातल्या रबरी चाकाची) पाती तुटतात, सी-कॉक (त्या तोंडावरची तोटी) बंद राहून जातो. सेलड्राइव्ह (बोटीच्या तळातून खाली उतरणारा प्रोपेलरचा पाय) असेल तर पाणी पायातल्या बारीक भोकांतून येतं आणि तिथे शिंपले धरतात. अशा वेळी कूलंट लगेच तापत नाही. इंजिनच्या लोखंडात आणि कूलंटमध्ये उष्णता मुरायला काही मिनिटं जातात.

एक्झॉस्टला मात्र काही मिनिटं मिळत नाहीत. सिलिंडरमधून निघणारा वायू भार असताना ३००-४०० अंशांच्या घरात असतो. मिक्सिंग एल्बोमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या वाकड्या नळीत, पाणी पडतं म्हणूनच तो पुढे रबराच्या होजमधून आणि प्लास्टिकच्या वॉटरलॉकमधून (एक्झॉस्टचं पाणी धरणाऱ्या डब्यातून) जाऊ शकतो. पाणी थांबलं की तोच वायू कोरडा रबरावर जातो. होज जळतो, वॉटरलॉक वितळतो, आणि पंप पुन्हा पाणी द्यायला लागला तर ते फुटक्या होजमधून बोटीत येतं. इंजिनचा घोटाळा पाहता पाहता बोटीत पाणी भरण्याचा प्रश्न होऊन बसतो.

म्हणून माझं मत असं : एकच गोष्ट बसवणार असाल तर पाणी पडतं त्या जागेच्या लगेच पुढे, एक्झॉस्टच्या होजवर तापमानाचा अलार्म बसवा. कूलंटचा काटा त्यानंतर. आणि तिसरी गोष्ट जमली तर टाकीत कूलंटच्या पातळीचा स्विच, वर सांगितलेल्या आंधळेपणावर तोच उपाय आहे.

---

डोलकाठी

+१. एक्झॉस्ट अलार्मला पूर्ण अनुमोदन.

खारेपाणी, होजवर नेमका कुठे बांधायचा तेही सांगा. बरेच जण हाताला सोयीचं म्हणून खालच्या बाजूला बांधतात.

---

खारेपाणी

वरच्या बाजूला. आडव्या होजमध्ये पाणी तळाने वाहतं. पुरवठा पूर्ण न थांबता नुसता कमी झाला तर वरचा भाग आधी कोरडा पडतो आणि आधी तापतो. रबर उष्णता सावकाश सोडतं, म्हणून बाहेरून बांधलेल्या सेन्सरला थोडा उशीर होणारच. तो गृहीत धरून अलार्म खाली ठेवायचा. पाणी नीट वाहत असताना होजचा पृष्ठभाग सहसा ४० ते ६० अंशांत राहतो, हाताला कढत पण क्षणभर टेकवता येईल इतका. अलार्म ७०-७५ ला. सेन्सर होजला घट्ट चिकटलेला हवा आणि वरून थोडं इन्सुलेशन हवं, नाहीतर इंजिनच्या खोलीतली हवाच मोजली जाते.

---

सर्किटवाली

तापमान कुठे मोजायचं ते खारेपाणींनी लिहिलं, मी विजेच्या बाजूचं लिहिते. काटा चुकतो तो बहुधा इथेच.

सेंडर म्हणजे तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर. गरम झाला की रोध कमी होतो. पण किती कमी, हे सगळ्यांचं सारखं नसतं. युरोपीय पद्धतीचा, म्हणजे व्हीडीओ कंपनीच्या धर्तीवरचा नेहमीचा १२० अंशांचा सेंडर ६० अंशांना सुमारे १३४ ओहम, ८० ला ७०, ९० ला ५१ आणि १०० ला ३८ ओहम दाखवतो. अमेरिकन पद्धतीचे काटे साधारण ४५० ते ३० ओहम अशा वेगळ्या वक्रावर चालतात. एका पद्धतीचा काटा आणि दुसऱ्या पद्धतीचा सेंडर जोडला तर काटा हलतो, छान दिसतो आणि खोटं सांगतो. जोडी एकाच पद्धतीची घ्या. थ्रेडही जुळवून पाहा. मेट्रिक, बीएसपी आणि एनपीटी या वेगवेगळ्या पद्धतींचे आटे पहिले एक-दोन आटे एकमेकांत जातात, आणि पुढे जोर लावला की हेडमधले आटे जातात.

आता वरचे आकडे पुन्हा पाहा. इंजिन खरोखर १०० अंशांवर आहे, सेंडर ३८ ओहम आहे. वायरच्या टोकाला हिरवं गंज धरलेलं आहे आणि त्या जोडात २० ओहम भर पडली. काट्याला ५८ ओहम दिसतात. म्हणजे तो ८५-८६ अंश दाखवणार. खराब जोड काट्याला नेहमी थंडीकडे नेतो. वायर पूर्ण तुटली तर काटा तळाला जातो, आणि वायर घासून इंजिनला टेकली तर एकदम वर जातो. वर गेलेला काटा बघून माणूस निदान धावतो तरी. खाली बसलेला काटा कोणी बघत नाही, आणि समुद्रावर गंज धरणं हा तर रोजचा प्रकार आहे.

एका टर्मिनलचे सेंडर आपली अर्थ (विजेची परतीची वाट) इंजिनच्या धातूतून, थ्रेडमधून घेतात. त्यावर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली तर तीच तुटते. ज्या इंजिनांची अर्थ बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते त्यांना दोन टर्मिनलचे सेंडर लागतात. आधी आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघा.

उत्तरवारा, तुमचा मूळ स्विच काढून टाकू नका. काटा आणि स्विच दोन्ही असलेला सेंडर मिळतो. त्यावर काट्यासाठी ‘जी’ आणि इशाऱ्यासाठी ‘डब्ल्यूके’ अशी दोन टोकं असतात. टी लावून दोघांना एका भोकात बसवण्याची युक्ती मला आवडत नाही. सेंडरचं टोक प्रवाहापासून दूर राहतं आणि उशिरा तापतं.

आणि किल्ली फिरवल्यावर वाजणारा बझर तापमानाच्या स्विचबद्दल काहीही सांगत नाही! तो ऑइल प्रेशरच्या स्विचमुळे वाजतो, कारण तेव्हा तेलाला दाब नसतो. तापमानाचा स्विच थंड असताना उघडा असतो, म्हणजे वीज जाऊ देत नाही. त्याची वायर तुटली असली तरी तुम्हाला कळणार नाही. तपासायचं असेल तर किल्ली चालू ठेवून त्याची वायर काढा आणि इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. दिवा लागला पाहिजे, बझर वेगळ्या कारणाने आधीच वाजत असेल. मग स्विच बाहेर काढून तो आणि थर्मामीटर पातेल्यातल्या पाण्यात धरा, पाणी उकळायला ठेवा आणि मल्टिमीटरने बघा किती अंशांना स्विच जोडला जातो.

---

नांगरटाका

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. तरी थोडा विरोध नोंदवतो.

मी आयुष्यभर लहान बोटी चालवत आलो आहे. इंजिन सुरू झालं की पहिली नजर मागे, एक्झॉस्टच्या तोंडाकडे. पाणी उसळ्या मारत येतंय का? आवाज ओला आहे की कोरडा? पाणी कमी झालं की आवाज बदलतो, पोकळ होतो, आणि पांढरी वाफ पाण्यावर रेंगाळते. धूर आणि वाफ यांतला फरकही शिकून घ्यावा, वाफ थोड्या अंतरावर विरते, धूर विरत नाही. हे शिकलेल्या माणसाला इंजिनची हालचाल सेन्सरच्या आधी कळते. जितके जास्त सेन्सर तितके जास्त जोड, आणि जोडांचं काय होतं ते सर्किटवालींनीच लिहिलं आहे. नवीन माणसं काटे बसवतात आणि मागे बघायचं सोडतात, ही माझी खरी काळजी आहे.

---

खारेपाणी

नांगरटाका, मागे बघायची सवय सुटू नये याबद्दल दुमत नाही. बंदर सोडताना आणि आरपीएम बदलल्यावर दर वेळी बघावं. पण रात्री, मागून लाटा येत असताना एक्झॉस्टचं तोंड अर्धा वेळ पाण्याखाली असतं. ऑटोपायलट चालू आहे, पहाऱ्यावरचा एकटा माणूस पुढे जहाजांचे दिवे बघतो आहे, वाऱ्याचा आवाज कानात आहे. अशा वेळी पाणी थांबलं तर त्याला कशाने कळणार? बझरनेच. आणि तो बझर कॉकपिटमध्ये, इंजिन पूर्ण वेगात असताना ऐकू येईल इतका मोठा हवा. कित्येक पॅनेलचे मूळ बझर तेवढे मोठे नसतात.

---

नांगरटाका

मान्य. रात्रीचा मुद्दा बिनतोड आहे. एक्झॉस्टचा अलार्म बसवावा, फक्त तो इंजिनच्या मूळ वायरिंगपासून स्वतंत्र असावा, म्हणजे एक मेला तरी दुसरा जिवंत राहील.

---

डोलकाठी

माझं इंजिन जुनं आहे, थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणारं, हीट एक्स्चेंजर नाही. इथे सगळे ८०-९५ चे आकडे बोलताहेत. माझ्यासाठी तेच का?

---

खारेपाणी

अजिबात नाही, आणि विचारलंत ते बरं झालं. थेट खारं पाणी ब्लॉकमधून फिरत असेल तर साधारण ६० अंशांच्या वर गेल्यावर त्यातले क्षार आतल्या भिंतींवर बसायला लागतात. म्हणून अशा इंजिनांचे थर्मोस्टॅट ४०-५० च्या पट्ट्यात उघडणारे असतात आणि अलार्मही बराच खाली असतो. तुमच्या काट्यावर ८० दिसले तर ते धोक्याच्या पलीकडचं आहे. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे घ्या. सुटा भाग म्हणून मिळणारा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट त्यात बसतो म्हणून बसवू नका. इंजिन चालेल, आणि आतले मार्ग मात्र हळूहळू बुजत जातील.

बंदिस्त कूलंटवाल्या इंजिनांत थर्मोस्टॅट बहुधा ७० ते ८५ च्या दरम्यान उघडतो आणि अलार्म ९५ च्या आसपास असतो. अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या सुमारास उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. म्हणजे झाकणाची रबरी गादी गेली की उकळीपर्यंतची ती राखीव जागाही जाते. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

---

सर्किटवाली

ज्यांना नोंद ठेवायची आवड आहे त्यांच्यासाठी थोडं. डीएस१८बी२० नावाचा डिजिटल सेन्सर स्टीलच्या नळीत बसवलेला सहज मिळतो. उणे ५५ ते १२५ अंश मोजतो, आणि ८५ पर्यंत अर्ध्या अंशाच्या आत अचूक असतो. एकाच डेटा वायरवर कितीतरी सेन्सर जोडता येतात, वायर आणि पॉझिटिव्हच्या मध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर पुरतो. एक एक्झॉस्टच्या होजवर, एक हीट एक्स्चेंजरमध्ये जाणाऱ्या खाऱ्या पाण्यावर, एक बाहेर येणाऱ्यावर, एक थर्मोस्टॅटच्या घरावर. ईएसपी३२ सारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून हे ‘सिग्नल के’ सर्व्हरला (बोटीवरची माहिती गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरला) पाठवता येतं. तिथे तापमान केल्विनमध्ये साठवलं जातं, त्यामुळे ३५३ दिसले तर घाबरू नका, ते ८० सेल्सिअस आहेत. बोटीवर एनएमईए २००० चं (उपकरणं एकमेकांना जोडणारं) जाळं असेल तर कूलंटचं तापमान पीजीएन १२७४८९ या क्रमांकाच्या संदेशातून चार्टप्लॉटरवर (नकाशाच्या पडद्यावर) येतं आणि अलार्मही तिथेच लावता येतो.

कोरड्या एक्झॉस्टवर, पाणी पडण्याच्या आधी, हा सेन्सर लावू नका. जळेल. तिथे के-टाइप थर्मोकपल (फार जास्त तापमान सोसणारा सेन्सर) लागतं.

इन्फ्रारेड थर्मामीटरबद्दलही बोलते, कारण तो बऱ्याच जणांकडे असतो. चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो. जिथे मोजायचं तिथे मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी त्याच ठिपक्यावर, जवळून मोजा.

या सगळ्याचा उपयोग त्या क्षणाच्या आकड्यात कमी आणि तुलनेत जास्त आहे. तेच आरपीएम, समुद्राचं तापमान तेवढंच, आणि गेल्या हंगामापेक्षा एक्झॉस्टचा होज आठ अंश जास्त गरम, हे अलार्मच्या कितीतरी आधी दिसतं.

---

डोलकाठी

त्या तुलनेतून काय वाचायचं यावर माझा थोडा अभ्यास झाला आहे, तो इथे मांडतो.

इंजिन मध्यम वेगात स्थिर राहतं आणि पूर्ण वेगातच तापतं, असं असेल तर पाणी येतंय पण पुरेसं नाही, किंवा उष्णता बाहेर पडत नाही. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत क्षार किंवा जुन्या इम्पेलरची तुटकी पाती अडकलेली असतात. (इम्पेलर बदलताना पाती मोजाच. कमी भरली तर ती पुढे कुठेतरी आहेत.) दुसरा संशयित मिक्सिंग एल्बो, आतून काजळी आणि क्षारांनी इतका बुजतो की करंगळी जात नाही. तिसरा बोटीचा तळ. प्रोपेलरवर आणि तळावर शिंपले धरले की त्याच वेगासाठी इंजिनला जास्त राबावं लागतं, आणि सगळे लोक इंजिन उघडून बसतात.

एक्झॉस्ट झपाट्याने तापतो आणि कूलंट मागाहून, तर खारं पाणी थांबलं. कूलंट वर जातंय पण एक्झॉस्ट नेहमीसारखाच आहे, तर आतलं सर्किट बघा : थर्मोस्टॅट अडकला, पट्टा सैल झाला, कूलंट कमी आहे, किंवा गरम पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या होजमध्ये हवा अडकली. दोन सेन्सर असण्याचा मोठा फायदा हाच, की हॅच उघडायच्या आधीच हात कुठे घालायचा ते कळतं.

इंजिन तापतच नाही, ५०-५५ वर रेंगाळतं, तेही दुखणंच आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. त्यात नांगरावर तासन्‌तास बॅटरी चार्ज करायला इंजिन मंद चालवलं तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, तेल खायला लागतं, एल्बो काजळीने भरतो. फक्त वरची मर्यादा बघणारा अलार्म हे कधीच सांगणार नाही, काटा सांगतो.

---

उत्तरवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल अशी अपेक्षा नव्हती. आजवरचं काम कळवतो.

तापमानाच्या स्विचची वायर सर्किटवालींनी सांगितलं तशी टेकवून पाहिली. दिवा लागला नाही. इंजिनच्या मागच्या प्लगमधली पिन काळी पडलेली होती. ती बदलली, आता लागतो. दोन टोकांचा सेंडर आणि जोडीचा काटा बसवला. एक्झॉस्टच्या होजवर वरच्या बाजूला स्वतंत्र अलार्म, त्याचा बझर कॉकपिटच्या कप्प्यात.

नेहमीच्या वेगात काटा ७८-८० वर स्थिर, होज ४६-४८. गाळणी साफ केल्यावर होज ४३ वर आला. गाळणी पूर्ण बुजलेली नव्हती, मला ती स्वच्छच वाटली असती. इंजिन बंद केल्यावर काटा थोडा वर चढतो, ते ठीक आहे ना?

आणि आता मुख्य प्रश्न. अलार्म वाजला तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

---

खारेपाणी

बंद केल्यावर चढणं नेहमीचंच. पंप थांबतो, हेडमधली उष्णता तिथल्याच कूलंटमध्ये येते. म्हणून बंद करण्याआधी काही मिनिटं मंद चालवावं.

---

नांगरटाका

पहिल्या मिनिटाचं मी सांगतो.

थ्रॉटल खाली, लगेच. मग मागे बघा. पाणी येत नसेल तर इंजिन बंद. मंदगतीवरही कोरडा एक्झॉस्ट होज जाळतो. पाणी येतंय आणि कूलंट हळूहळू चढतंय, तर भार काढून मंद चालू ठेवल्याने कधी कधी उतरतं. वाफ आली, गोडसर वास आला किंवा इंजिनखाली कूलंट दिसलं तर बंदच करा.

पण त्याआधी जागा. आपल्याकडे शीड आहे. खुल्या पाण्यात शीड उभारा आणि मग सावकाश हॅच उघडा. अरुंद खाडीत, खडकांपाशी किंवा जहाजांच्या मार्गात असाल तर बोट सुरक्षित जागी नेण्यापुरतं इंजिन वापरावं लागलं तर वापरा. इंजिन दुरुस्त होतं. म्हणून इंजिनवर बंदरात शिरताना नांगर सोडायला तयार असावा आणि मोठ्या शिडाचं आवरण काढलेलं असावं. मी दोन्ही नेहमी करतो.

थंड झाल्याशिवाय टाकीचं झाकण नको, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. क्रम असा : सी-कॉक उघडा आहे का, गाळणीत पाणी आहे का, पंपाचं झाकण काढून इम्पेलर. सुटा इम्पेलर आणि झाकणाचं गॅस्केट पंपाच्या जवळच ठेवा.

---

उत्तरवारा

एक शंका राहिली. काल वाऱ्याला तोंड देत बराच वेळ एका कुशीवर शीड चालवलं, मग इंजिन सुरू केलं तर एक्झॉस्टचा अलार्म काही सेकंदांतच वाजला. बंद केलं. गाळणी उघडली तर अर्धी रिकामी. भरून झाकण लावलं आणि पाणी नेहमीसारखं आलं. गाळणीचं झाकण गळतंय का?

---

खारेपाणी

झाकणाची रिंग बघाच, पण बहुधा कारण दुसरं आहे. बोट कलंडली की एका बाजूचं पाण्याचं तोंड पृष्ठभागाजवळ येतं, लाटेच्या खळग्यात उघडं पडतं आणि होजमध्ये हवा शिरते. गाळणी पाण्याच्या रेषेच्या वर असेल तर ती उतरते आणि पंपाला सुरुवातीला हवाच मिळते. कोरडा इम्पेलर फार वेळ टिकत नाही, तेव्हा लगेच बंद केलंत ते योग्य.

तुमचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पाहून ठेवा. ती बाजू वर राहिली असेल अशा लांब टप्प्यानंतर इंजिन सुरू करण्याआधी बोट सरळ होऊ द्या आणि गाळणीच्या काचेत पाणी आहे का ते बघा. सतत होत असेल तर गाळणी पाण्याच्या रेषेच्या खाली आणता येते का ते तपासा. मात्र मग ती उघडण्याआधी दर वेळी सी-कॉक बंद करावा लागेल, आणि पुन्हा उघडायचा राहू नये म्हणून इंजिनची किल्ली त्या सी-कॉकच्या दांड्यालाच अडकवत जा.